वाचनालयासाठी फेसबुक-गूगलवर जाहिरात: नवे सभासद खरंच मिळतात का?

ओसरी

नमस्कार मंडळी,

पुणे-बंगळूर महामार्गाला लागून असलेल्या आमच्या तालुक्याच्या गावात एक जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. गेली सहा वर्षं मी तिथे कार्यवाह आहे. मी शाळेत होते तेव्हा संध्याकाळी सहाला काउंटरपुढे इतकी गर्दी असायची की दारात चपला ठेवायला जागा मिळायची नाही. आज वर्गणी चालू असलेले सभासद ३४० आहेत आणि त्यातले निम्मे साठीच्या पुढचे. दर वर्षी काही जण जातात, त्यांच्या जागी नवीन कुणी येत नाही.

पत्रकं छापून पेपरात टाकून झाली. एस.टी. स्टँडसमोर फ्लेक्स लावला, तो पावसाळ्यात फाटला. शाळांमधून जाऊन बोलून आले. आता कार्यकारिणीने ८,००० रुपये 'ऑनलाइन जाहिरातीसाठी' मंजूर केले आहेत. संस्थेला ही रक्कम लहान नाही, त्यामुळे एकही रुपया वाया जाऊ नये असं मनापासून वाटतं.

माझा भाचा पुण्यात असतो. तो म्हणतो, "मावशी, नुसती पोस्ट टाकून काही होत नाही, टार्गेट करावं लागतं. तुमच्या सभासदांच्या रजिस्टरमधले फोन नंबर मला दे. ते अपलोड केले की तशाच आवडीची माणसं फेसबुक शोधून देतं." मला हे ऐकून जरा दडपण आलं. रजिस्टर द्यावं का? पैसे फेसबुकवर घालावेत की गूगलवर? आणि नुसते लाइक न मिळता माणूस खरोखर दारात येऊन वर्गणी भरेल, यासाठी काय करायचं? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी अनुभव सांगावेत.

घाटपायथा

वाचतोय. आमच्या तालमीपुढेही हाच प्रश्न आहे.

दोनफुल्या

ओसरीताई, नऊ वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, पोस्टखाली जे निळं 'बूस्ट' बटण दिसतं त्याच्या नादी लागू नका. त्याने पोस्ट जास्त लोकांना दिसते आणि लाइक येतात, पण तुम्हाला लाइक नकोत, सभासद हवेत. जाहिरात फेसबुकच्या 'अ‍ॅड्स मॅनेजर'मधून करा, म्हणजे जाहिराती लावायच्या त्यांच्या वेगळ्या पानावरून. तिथे तीन मजले असतात. सगळ्यात वर कॅम्पेन, त्यात उद्देश ठरतो. मधे अ‍ॅड सेट, त्यात कुणाला, कुठे, किती पैशात दाखवायचं ते ठरतं. खाली प्रत्यक्ष जाहिरात. उद्देशात 'लीड्स' निवडलं तर यंत्रणा फॉर्म भरणारी माणसं शोधते. 'अवेअरनेस' निवडलं तर नुसतं पाहणारी माणसं शोधते. आपण जे मागू तेच ती शोधते, म्हणून मागताना चूक करायची नाही.

दुसरं, ८,००० मध्ये चार जाहिराती, तीन वयोगट आणि दोन माध्यमं असं करू नका. कुणाला दाखवलं की फॉर्म येतो हे यंत्रणा सुरुवातीचे काही दिवस शिकत असते. पैसे तुकड्यातुकड्यांत वाटले की ते शिकणं पुरं होत नाही. आणि वर १८ टक्के जीएसटी लागतो. ४,००० ची जाहिरात ४,७२० ला पडते, हे खजिनदारांना आधीच सांगून ठेवा.

रजिस्टरबद्दल नंतर लिहितो, तो विषय मोठा आहे.

सांजवात

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३चं. या संस्था लोकांनी दारोदार हिंडून उभ्या केल्या. वाचनालय म्हणजे दुकान नव्हे. तुमच्या आठ हजारांत चांगली वीस-पंचवीस पुस्तकं येतील. नवी पुस्तकं आली की वाचक येतो, असा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे.

ओसरी

सांजवात काका, राग कशाचा! पण नवी पुस्तकं आली हे गावाला कळणार कसं? मागच्या वर्षी शासनाच्या अनुदानातून छान पुस्तकं घेतली. काचेच्या कपाटात महिनाभर मांडली होती. ती पाहिली ती नेहमीच्याच चाळीस माणसांनी.

कातळवाट

चिपळूणला माझ्या बहिणीचे योगवर्ग आहेत. दोन वर्षांपूर्वी आम्ही फेसबुकवर लीड फॉर्मची जाहिरात केली, तो अनुभव सांगते.

सहा दिवसांत ३,००० रुपयांत ७० फॉर्म आले. आम्ही दोघी नाचायच्या बाकी होतो. मग फोन करायला बसलो. काही नंबर बंद होते. काही जण म्हणाले, "मी कुठे फॉर्म भरलाय?" एका आजोबांनी तर आमची विचारपूस करून फोन ठेवला. ७० फॉर्मांतून तीनच जणी वर्गाला आल्या.

चूक आमचीच होती. हा फॉर्म फेसबुकच्या आतच उघडतो. नाव आणि नंबर प्रोफाइलवरून आपोआप भरलेला असतो, त्यामुळे स्क्रोल करता करता दोन टिचक्यांत तो जातो. नंबर दहा वर्षांपूर्वीचा असला तरी तोच जातो. आम्ही फॉर्मच्या प्रकारात 'जास्त संख्या' ठेवलं होतं. दुसऱ्या वेळी 'जास्त इच्छुक' निवडलं. त्यात पाठवण्याआधी माहिती पुन्हा तपासायचा एक टप्पा येतो. शिवाय एक प्रश्न हाताने लिहून भरायचा ठेवला: "सकाळी ६ची बॅच जमेल की संध्याकाळी ५ची, आणि का?" फॉर्म आले फक्त १९, पण त्यातल्या आठ जणी आल्या आणि पाच अजून येतात.

तेव्हा ताई, फॉर्म स्वस्तात पडला म्हणून खूश होऊ नका. वर्गणी भरलेला एक सभासद किती रुपयांना पडला ते पाहा.

ओसरी

कातळवाट, फार उपयोगी. पण हे फोन करायचे कुणी? आमच्याकडे ग्रंथपाल एकटेच. सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ काउंटर त्यांच्याकडेच असतो.

दोनफुल्या

ताई, जाहिरात सुरू करण्याआधी याचंच उत्तर हवं. फॉर्म भरणाऱ्याला त्याच संध्याकाळी फोन गेला तर त्याला आठवत असतं. तिसऱ्या दिवशी तो विसरलेला असतो. आठव्या दिवशी त्याला तुम्ही लोन विकणारे वाटता.

कार्यकारिणीतल्या दोघांनी वार वाटून घ्या. फॉर्ममधली नावं पेजवरून उतरवून घेता येतात, पण ती तिथे ९० दिवसच राहतात. आमच्या एका ग्राहकाने चार महिन्यांनी नावं मागितली तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं. रोज रात्री वहीत उतरवा.

आणि फोन करायला माणूसच नसेल तर फॉर्म ठेवू नका. जाहिरातीवरून थेट व्हॉट्सअ‍ॅप उघडेल असं करा. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर वेळ, वर्गणी, अनामत रक्कम आणि पत्ता यांची तयार उत्तरं ठेवता येतात. समोरचा स्वतः लिहितो, त्यामुळे नंबर तरी खरा असतो.

पाटपाणी

ताई, तुमचं गाव हायवेवर आहे म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

आमच्या सौं.चे शिवणक्लास आहेत, गाव तुमच्याच बाजूचं. मी जाहिरात करताना नकाशावर आमच्या चौकात पिन टोचली आणि २५ किलोमीटरचं वर्तुळ टाकलं. चौक हायवेला लागून. फॉर्म यायला लागले ते हुबळीचे, पिंपरीचे, एक तर थेट दावणगेऱ्याचा! डोकं चालेना. मग कळलं की त्या वर्तुळात 'राहणारे' आणि 'नुकतेच येऊन गेलेले' असे दोघंही धरले जातात. हायवेवर चहाला थांबलेला ट्रकवाला माझ्या वर्तुळात होता. त्याला मी ब्लाउजच्या कटिंगची जाहिरात दाखवत होतो, स्वतःच्या पैशाने.

मग पिन हायवेवरून काढून गावाच्या आतल्या बाजूला नेली, वर्तुळ लहान केलं आणि आजूबाजूच्या चार गावांना वेगवेगळ्या छोट्या पिना टोचल्या. फॉर्ममध्ये पहिलाच प्रश्न ठेवला, "तुमचं गाव कोणतं?" त्यानंतर बाहेरचे फॉर्म जवळपास बंद झाले.

वाचनालयाला तर माणूस किती लांबून येणार? पुस्तक बदलायला दर आठवड्याला यायचं आहे. चार-पाच किलोमीटरच्या पुढे जाऊच नका.

मिरचीभजी

ट्रकवाल्या दादांनी क्लास लावला असता तर पाटपाणींच्या सौंचं नाव कर्नाटकात गाजलं असतं! :)

पाटपाणी

@मिरचीभजी, सौंना वाचून दाखवलं, पोट धरून हसल्या.

तारीखशिक्का

बत्तीस वर्षं ग्रंथपाल म्हणून काम करून निवृत्त झालो. धाग्यातल्या एका गोष्टीवर अजून कुणी बोललं नाही, म्हणून लिहितो. रजिस्टर.

ओसरीताई, ते रजिस्टर भाच्याला देऊ नका. भाचा चांगलाच असणार, प्रश्न त्याच्या सचोटीचा नाही. सभासदाने नाव, पत्ता, फोन आपल्याला दिला तो पुस्तक परत करायची मुदत टळली तर आठवण करता यावी म्हणून. त्या एका कामापुरता त्याचा आपल्यावर विश्वास आहे. माझ्या काउंटरवर एक बाई यायच्या. नवरा वारल्यानंतर त्या कायद्याची पुस्तकं न्यायला लागल्या, वारसाहक्क, मालमत्ता. त्यांचे दीर एकदा सहज म्हणून विचारायला आले, "वहिनी काय नेते हल्ली?" मी सांगितलं नाही. ते चिडले, अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांनीही सांगितलं नाही. कोण काय वाचतं हे काउंटरच्या आतच राहिलं पाहिजे. 'हा माणूस अमुक वाचनालयाचा सभासद आहे' एवढी माहितीही त्याला न विचारता बाहेर द्यायचा आपल्याला अधिकार नाही, असं मी मानतो.

नवे सभासद जरूर आणा. त्यासाठी जुन्यांचे नंबर पणाला लावू नका.

रीलवाला

काका, भावना समजली. पण तांत्रिक बाजू अशी आहे की नंबर जसेच्या तसे जात नाहीत. हॅश होऊन जातात, म्हणजे त्यांचं एका सांकेतिक रूपात रूपांतर होतं. फेसबुकच्या खात्यांशी जुळवणी झाली की ते काढून टाकले जातात. आमच्या भागातली कपड्याची दुकानं, जिम, क्लासेस सगळे 'कस्टम ऑडियन्स' करतात, म्हणजे आपल्या ग्राहकांचे नंबर असेच चढवतात. वाचनालयानेच का मागे राहायचं? सभासद वाढले नाहीत तर रजिस्टर जपून ठेवायचं कुणासाठी?

तारीखशिक्का

रीलवाला, तुमच्या शेवटच्या वाक्याने मी थांबलो, कारण ती काळजी माझीही आहे. तरी माझा प्रश्न वेगळा आहे. सांकेतिक रूपात गेला म्हणून तो नंबर द्यायची परवानगी मला कुणी दिली? विचारून घ्या. ३४० सभासद आहेत, महिनाभरात सगळे एकदा तरी काउंटरला येतात. जे हो म्हणतील त्यांचे द्या.

कलमदान

वकिली करते, म्हणून दोन ओळी. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती ही विशिष्ट हेतूसाठी असते. पुस्तकाच्या आठवणीसाठी दिलेला नंबर जाहिरातीसाठी वापरणं हा वेगळा हेतू झाला. 'आमचं रजिस्टर कागदी आहे' हा बचावही चालत नाही. कागदावरची माहिती नंतर संगणकावर चढवली की ती कायद्याच्या कक्षेत येते. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. ती मोठ्या कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून घातलेली आहे, पण तत्त्व सगळ्यांना एकच.

ओसरी, बालविभागाचा विचार असेल तर आणखी एक. १८ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून लक्ष्यित जाहिरात करायला हा कायदा मनाई करतो. मुलांसाठीची जाहिरात त्यांच्या आईवडिलांना दाखवा. तसंही वर्गणी तेच भरणार.

दोनफुल्या

कलमदान आणि तारीखशिक्का, दोघांनाही अनुमोदन. रीलवाला, तुमच्यासाठी धंद्याच्या बाजूनेही सांगतो.

'तशीच माणसं शोधून देतं' याला लुकअलाइक म्हणतात. त्याला किमान १०० जुळलेली माणसं लागतात, ती ३४० मधून मिळतीलही. पण यंत्रणा तशी माणसं शोधते ती अख्ख्या देशातून, देशातल्या वापरकर्त्यांच्या १ ते १० टक्क्यांपर्यंत. भारतात १ टक्का म्हणजेसुद्धा कित्येक लाख. त्यातली पाच किलोमीटरच्या वर्तुळात किती पडणार? मूठभर. मोठ्या ऑनलाइन दुकानाला हे फार कामाचं आहे, पण तालुक्याच्या वाचनालयाला नाही. तुमच्यासाठी 'टार्गेटिंग' म्हणजे ते वर्तुळ, वय आणि जाहिरातीतला मजकूर. वर्तुळ छोटं असलं की 'वाचनाची आवड' वगैरे निवडून ते आणखी कापूही नका. आमच्या भागात वाचणाऱ्या कितीतरी माणसांनी फेसबुकवर एकही पुस्तक लाइक केलेलं नसतं.

रीलवाला

पटलं. लहान गावाचं गणित मी धरलंच नव्हतं.

अटलांटिकपार

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे आमची रविवारची मराठी शाळा आहे. मुलं कमी झाली म्हणून आम्हीही जाहिरात केली. इथे 'मराठी माणूस' असं निवडायची सोय नाही. वंश-समाजावर आधारित जे गट होते ते फेसबुकने २०२०मध्ये काढून टाकले, आणि धर्म, आरोग्य, राजकीय मत अशा नाजूक विषयांवरचे पर्याय जानेवारी २०२२पासून गेले. ते गेले हे बरंच झालं. मग आमच्या लोकांपर्यंत पोचायचं कसं?

आम्ही भाषेच्या रकान्यात काहीच भरलं नाही, कारण इथे सगळ्यांचे फोन इंग्रजीत. जाहिरातच मराठीत लिहिली. ठळक देवनागरीत एकच ओळ: "आजीशी फोनवर बोलताना नातू गप्प होतो का?" ज्याला वाचता येत नाही तो पुढे जातो. ज्याला येतं तो थबकतो. मजकूरच चाळणी झाला. तीन वर्षांत आमच्या कुठल्याच जाहिरातीला इतके फोन आले नव्हते. एका आईने फोनवर पहिलं वाक्य म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं हो?"

म्हणून ताई, जाहिरातीत "वाचाल तर वाचाल" लिहू नका. ते सगळ्यांनी शंभरदा वाचलं आहे. तुमच्या गावातल्या माणसाच्या घरात आज काय घडतं आहे ते लिहा.

संत्रानगरी

आमच्या नागपुरात अभ्यासिकेसाठी जाहिरात केली तर दोन दिवसांत जागा भरून जातात. एमपीएससीची पोरं सकाळी सहाला दारात उभी राहतात. ओसरीताई, तुमच्याकडे अभ्यासिका आहे का? असेल तर तीच जाहिरात करा, सभासद धो धो येतील.

ओसरी

आहे, ४० खुर्च्या आहेत आणि त्या भरलेल्याच असतात. पण ती मुलं स्वतःची पुस्तकं आणतात, परीक्षा झाली की जातात. वाचनालयाचं कपाट त्यांनी उघडलेलं मी क्वचितच पाहिलं. त्यांचा राग नाही, त्यांच्या डोक्यावर केवढं ओझं असतं ते मी रोज पाहते. पण मला हवे आहेत ते पुस्तक घरी नेणारे.

संत्रानगरी

हो, मग वेगळी गोष्ट आहे. तरी एक सांगतो, मीही अभ्यासिकेतलाच पोरगा. परीक्षा काही निघाली नाही, पण तिथल्या मावशींनी एकदा "हे वाचून बघ, डोकं हलकं होईल" म्हणून कथासंग्रह हातात दिला होता. तेव्हापासून वाचतोय. त्या चाळीस खुर्च्यांना सोडू नका.

शोधयात्री

गूगलबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. फेसबुकवर आपण माणसाला मधेच थांबवतो. गूगलवर माणूस स्वतः शोधत आलेला असतो. पण तालुक्याच्या गावात 'जवळचं वाचनालय' असं महिन्यातून किती जण शोधणार? थोडेच. म्हणून आधी फुकटचं काम करा. गूगलवर आणि गूगल नकाशावर वाचनालयाचं जे पान दिसतं, ते 'बिझनेस प्रोफाइल' तुमच्या ताब्यात आहे का ते बघा. आमच्या गावच्या वाचनालयाची वेळ तिथे कुणीतरी चुकीची टाकली होती, सोमवारची सुट्टी रविवारी दाखवत होती. लोक रविवारी येण्याचं टाळायचे आणि सोमवारी कुलूप पाहून जायचे. वेळ दुरुस्त केली, आतले फोटो टाकले, नवी पुस्तकं टाकली. एक पैसा लागला नाही.

पैसे देऊन सर्च जाहिरात केलीत तर नको असलेले शब्द आधी वगळा. मी एका संस्थेसाठी 'लायब्ररी' शब्दावर जाहिरात लावली होती. क्लिक कुणाचे आले तर 'लायब्ररियन भरती', 'पीडीएफ फुकट' आणि प्रोग्रॅमिंगमधली लायब्ररी शोधणाऱ्या मुलांचे. प्रत्येक क्लिकचे पैसे गेले. आणि ठिकाणाच्या सेटिंगमध्ये 'त्या जागी असलेले' निवडा. मूळ सेटिंगमध्ये 'त्या जागेत रस असलेले'ही धरलेले असतात.

संस्थेची स्वतःची वेबसाइट असेल तर 'गूगल अ‍ॅड ग्रँट्स'ची चौकशी करा. पात्र सेवाभावी संस्थांना महिन्याला १०,००० डॉलरपर्यंतच्या सर्च जाहिराती मोफत मिळतात. मात्र जाहिरात जितक्यांदा दिसते त्यातल्या क्लिकचं प्रमाण दर महिन्याला ५ टक्क्यांच्या वर राखावं लागतं, त्यामुळे लक्ष घालणारा माणूस हवा.

ओसरी

शोधयात्री, लगेच पाहिलं. आमच्या वाचनालयाच्या नावापुढे 'कायमचे बंद' असं लिहिलेलं आहे. कुणी, कधी लिहिलं काहीच कळत नाही. सहा वर्षं मी रोज तिथे जाते आणि मला हे माहीत नव्हतं. आज रात्रीच बसून दुरुस्तीचा अर्ज करते.

सांजवात

अरेरे. हे वाचून फार वाईट वाटलं. ओसरी, तुम्ही करा ते काम. माझा विरोध मागे घेतो.

वसुबारस

ताई, एक सुचवू? तुमच्याकडे दिवाळी अंक योजना असेलच. ठरावीक रक्कम भरा आणि सगळे अंक वाचा. जाहिरात 'वाचनालयाची' करू नका, 'दिवाळी अंकांची' करा. "सभासद व्हा" म्हटलं की माणसाला बंधन वाटतं. दिवाळी अंकाला मराठी माणूस नाही म्हणत नाही, आणि एक अंक विकत घ्यायचा तर आज किती पडतो ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या डोंबिवलीच्या वाचनालयात मी स्वतः अशीच आले. योजना संपली तेव्हा काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, "आता पुढे काय वाचणार?" त्या एका प्रश्नावर मी अकरा वर्षं सभासद आहे.

फक्त ऐन दिवाळीच्या तोंडावर जाहिरात करू नका. तेव्हा सगळ्या मोठ्या कंपन्या उतरलेल्या असतात.

दोनफुल्या

वसुबारस, अगदी बरोबर. जाहिरातीची जागा लिलावाने जाते. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात फ्रिज आणि मोबाइल विकणाऱ्यांशी स्पर्धा करावी लागते, भाव चढतो. नवरात्र संपायच्या आत आटपा. फोटो वाचनालयातलाच घ्या, इंटरनेटवरचा गुळगुळीत कपाटांचा नको. गावाने आपली जागा ओळखली पाहिजे.

ओसरी

ठरलं. रजिस्टर कुणालाही देत नाही, भाच्यालाही समजावलं. त्यानेच अ‍ॅड्स मॅनेजरचं काम करायचं कबूल केलं आहे. दिवाळी अंक योजना, वय ३०च्या पुढे, गावाभोवती पाच छोटी वर्तुळं, हायवे वगळून. फॉर्म 'जास्त इच्छुक' प्रकारचा. हाताने भरायचा प्रश्न ठेवला आहे, "शेवटचं वाचलेलं पुस्तक कोणतं?" फोन मी आणि खजिनदार करणार, रात्री आठ ते नऊ. नोंदणी रजिस्टरमध्ये एक नवा रकाना आखला आहे, 'कुठून कळलं?' झालं की कळवते.

घाटपायथा

कळवाच. आम्ही थांबलोय.

ओसरी

मंडळी, साडेतीन महिन्यांनी परत येते आहे. उशीर झाला, क्षमस्व.

४,००० ची जाहिरात केली, करासह ४,७२०. बारा दिवस चालली. ३८ फॉर्म आले. ३८ही फोन आम्ही दोघांनी केले. ३१ जण बोलले, १७ जणांनी योजनेचे पैसे भरले. योजना संपल्यावर प्रत्येकाला वसुबारस यांचा प्रश्न विचारला, "आता पुढे काय वाचणार?" त्यातले ११ आज नियमित सभासद आहेत. म्हणजे एक सभासद साधारण ४३० रुपयांना पडला. आमची वार्षिक वर्गणी ६००. उरलेले पैसे अजून शिल्लक आहेत, ते उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या बालविभागाच्या, आईवडिलांना दाखवायच्या जाहिरातीला ठेवले आहेत.

'कायमचे बंद' ही पाटी गूगलवरून नवव्या दिवशी निघाली. नव्या रकान्यात 'गूगल नकाशा' असं आतापर्यंत सहा जणांनी सांगितलं, त्याला एकही रुपया लागला नाही. शोधयात्री, तुमचे आभार कसे मानू?

एक फॉर्म मात्र मी जपून ठेवला आहे. शेवटच्या पुस्तकाच्या रकान्यात एका बाईंनी लिहिलं होतं, "लग्नाआधी वाचायचे. आता नाव आठवत नाही." फोन केला तेव्हा त्या हळू आवाजात बोलत होत्या. वाचनालयापासून दोन गल्ल्या अलीकडे राहतात, चौदा वर्षं. म्हणाल्या, "आत बायका येतात का, ते बाहेरून कळत नाही." पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच उभ्या राहिल्या. मी काउंटरवरून उठून त्यांना कपाटापर्यंत घेऊन गेले. त्यांनी पुस्तक काढलं, मागचं तारखांचं पान उघडून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे अजून असंच असतं?" आता दर शुक्रवारी येतात. मागच्या आठवड्यात शेजारणीला घेऊन आल्या. तिच्या नावापुढे 'कुठून कळलं?' मध्ये ग्रंथपालांनी त्या बाईंचं नाव लिहिलं आहे.

तारीखशिक्का

ओसरीताई, त्यांचं बोट तारखांच्या पानावर फिरलं हे वाचून खूप दिवसांनी काउंटरची आठवण झाली. बालविभागाच्या जाहिरातीच्या वेळी फोन करायला माणूस हवा असेल तर मला सांगा. दुपारी दोन ते पाच मी मोकळा असतो.

ओसरी

काका, हो! एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सुरू करतोय. पण एक सांगा, दुपारी आया फोन उचलतात का, की संध्याकाळचीच वेळ ठेवू?

कातळवाट

दुपारी तीन ते चार. मुलं झोपलेली असतात किंवा खेळायला गेलेली असतात. आमच्या बहिणीचे सगळे फोन त्याच वेळात लागतात.